फिरत्या रिळांचे छायाचित्र

जुन्या रीळ-टेपरेकॉर्डरला अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत, पण ते शोभेची वस्तू म्हणून. उपाहारगृहांच्या फडताळांवर, नव्या घरांच्या दिवाणखान्यांत तो मांडलेला दिसतो आणि त्याची छायाचित्रे हौसेने काढली जातात. हौस वाईट नाही. घरगुती वापरासाठी इतकी देखणी यंत्रे फार थोडी झाली. तथापि बहुतेक छायाचित्रांत यंत्र निष्प्राण दिसते. रिळे थांबलेली, फीत लावलेलीच नाही, तबकडीवर धूळ. तारा उतरवलेल्या तंबोऱ्याचे चित्र घ्यावे, तसा हा प्रकार वाटतो. आपल्या माळव्यातील, ग्वाल्हेरकडील किंवा बडोद्याच्या कित्येक मराठी घरांच्या माळ्यांवर अशी यंत्रे आणि त्यांच्या शेजारी पुठ्ठ्याच्या चौकोनी पेट्या अजून पडून आहेत. यंत्र विकले जाते, पेट्या रद्दीत जातात. वस्तुतः मोल पेट्यांचे अधिक आहे.

या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. व्हाल्डेमार पोल्सेन या डॅनिश तंत्रज्ञाने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या साहाय्याने आवाज उमटवला. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या यंत्रावर ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज मुद्रित झाला आणि तो आजही ऐकता येतो. तार जाऊन फीत आली ती जर्मनीत. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी बसवून पेटंट घेतले, आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ए. ई. जी. कंपनीने 'माग्नेटोफोन' लोकांपुढे ठेवला. पुढच्याच वर्षी लुडविग्जहाफेन येथे सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे वादन फितीवर मुद्रित करण्यात आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन सैनिक-तंत्रज्ञाने अशी दोन यंत्रे आणि पन्नास रिळे मायदेशी नेली, १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक केले, आणि तेथून फीत जगभर पसरली. शंभर वर्षांहून कमी काळात एक विद्या जन्मली, घरोघर पोचली आणि अडगळीत गेली.

यंत्राचे सौंदर्य कळायचे तर फितीचा मार्ग डोळ्यांनी चालून पाहावा. डाव्या रिळावरून फीत निघते, हेडांवरून घासत जाते आणि उजव्या रिळावर गुंडाळली जाते. चांगल्या यंत्रांत हेडे तीन असतात: पहिले पुसते, दुसरे लिहिते, तिसरे वाचते. हेडांच्या उजवीकडे एक गुळगुळीत पोलादी दांडी सतत फिरत असते आणि रबरी रोलर फितीला तिच्यावर दाबून धरतो. वेग ठरवते ती ही दांडी, रिळे नव्हेत. म्हणून रिकामे होत चाललेले रीळ अधिकाधिक वेगाने फिरते आणि भरत चाललेले मंदावते. हे वेगही आपल्या जुन्या पाढ्यांतले वाटावेत असे आहेत: सेकंदाला साडेसात इंच, पावणेचार इंच, आणि नुसत्या बोलण्यासाठी त्याच्याही निम्मा. सात इंची रिळावर बाराशे फूट साधी फीत मावते. साडेसातच्या वेगाने ती बत्तीस मिनिटे चालते.

जर्मनीच्या ग्रुंडिग कंपनीच्या 'टी. के.' मालिकेतील यंत्रांवर पेटीच्या पट्ट्यांसारखे पांढुरके खटके असत आणि आवाजाच्या चढउताराबरोबर मिटणारा-उघडणारा एक हिरवा 'डोळा' असे. स्वित्झर्लंडच्या विली श्टूडर यांचे १९६७ सालचे 'रेव्हॉक्स ए ७७' याच्या उलट. अलंकार शून्य, पण तीन मोटारी आणि शिस्तबद्ध रेखीव चेहरा. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्तेफान कुदेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली 'नाग्रा' घडवले. पोलिश भाषेत या नावाचा अर्थ 'मुद्रित करील' असा आहे. खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या या यंत्राने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला स्टुडिओबाहेर काढले. मला स्वतःला यांतले नाग्रा सर्वांत सुंदर वाटते, कारण त्याच्यावर एकही बटण निष्कारण नाही.

आता छायाचित्राकडे. पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅश बंद. घासलेल्या ॲल्युमिनियमवर समोरून प्रकाश पडला की पांढरा डाग उरतो आणि धातूचा पोत नाहीसा होतो. सकाळचा खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. छायाचित्रकाराचे प्रतिबिंब चकचकीत भागांत डोकावते, म्हणून गडद कपडे घालून थोडे तिरके उभे राहावे. फोनने छायाचित्र घेणाऱ्यांनी फार जवळ जाऊ नये. यंत्राची पेटी फुगलेली दिसते. चार पावले मागे सरून मग चौकट आवळावी.

खरी गंमत फिरती रिळे टिपण्यात आहे, आणि तेथे थोडे गणित उपयोगी पडते. पूर्ण भरलेल्या सात इंची रिळाचा परीघ सुमारे २१ इंच. साडेसातच्या वेगाने त्याला एका फेऱ्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. रिकामे होत आलेले रीळ मात्र सेकंदाभरात एक फेरा पुरा करते. कॅमेरा तिपाईवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर स्थिर ठेवून पाव सेकंदाचे छायाचित्र घेतले, तर भरल्या रिळाचे आरे किंचित पुसट होतात आणि रिकाम्या रिळाची नुसती रुपेरी भोवरी उरते. यंत्र मात्र रेखीव राहते. दोन रिळांच्या गतींतला हा फरक ज्या छायाचित्रात उतरला, ते पाहणाऱ्याला यंत्र चालू आहे हे सांगावे लागत नाही. अर्थात या कामासाठी कोरी किंवा टाकाऊ फीतच लावावी.

एवढ्यावर थांबू नये. यंत्राच्या मागची पट्टी, तिच्यावरचा क्रमांक, व्होल्टेजचा निवडक खटका, झाकण काढल्यावर दिसणारी हेडे, पट्ट्यांचा मार्ग, हे सारे टिपून ठेवावे. दुरुस्तीच्या वेळी कारागिराला या चित्रांचा आधार होतो. त्यानंतर पेट्या. प्रत्येक पेटीचा दर्शनी भाग, कणा, आतील चिठ्ठी, आणि पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलेले मजकूरसुद्धा. एका पेटीतली चिठ्ठी दुसरीत गेली की पुढच्या पिढीला कोणते गाणे कोणत्या बैठकीचे हे कधीच कळत नाही. म्हणून रीळ, पेटी आणि चिठ्ठी एकत्र मांडून एकच चित्र घ्यावे.

या पेट्यांत काय असते? पुष्कळदा गाणे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, बडोद्याचे फैयाज खाँ १९५० साली. त्यांच्या काळी तबकडीसाठी सबंध ख्याल तीन मिनिटांत आटोपता घ्यावा लागे. विलंबित लयीत एकेक स्वर उलगडणाऱ्या गायकाला ही बेडीच होती. इंदूरला वाढलेले अमीर खाँ १९७४ सालापर्यंत गात होते आणि त्यांची खाजगी बैठकींतली प्रदीर्घ मुद्रणे रसिकांच्या रिळांमुळेच आपल्यापर्यंत आली आहेत. गायकाने घेतलेला वेळ टिकवून ठेवण्याचे काम रिळाने केले, आणि त्यातले बरेचसे संस्थांनी नव्हे तर हौशी गृहस्थांनी केले.

पण माझ्या मते त्याहूनही दुर्मीळ ठेवा निराळाच आहे. नवे यंत्र घरी आले की घरच्या माणसांना त्याच्यापुढे बसवले जाई. आजी ओव्या म्हणे, आजोबा होळकरशाहीतल्या गोष्टी सांगत, मुले पाढे म्हणत, मागे स्वयंपाकघरातून कोणीतरी "दूध उतू जाईल हं!" म्हणून ओरडे. ही मराठी आता ऐकू येत नाही. 'मी बाजारात जाऊन राहिलो आहे' असे सहज बोलणारी इंदूरची मराठी किंवा गुजराती शब्द मुरलेली बडोद्याची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना हसू आणी. मराठीच्या शिक्षकांनी (मीही त्यांतलाच) ती वर्गात सुधारली. तिचे हेल व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाहीत. ते कोठे उरले असतील तर या तपकिरी फितींवर.

म्हणूनच उतावीळ होऊन जुने रीळ जुन्या यंत्रावर चढवू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रातील कपॅसिटर निकामी झालेले असतात, रबर कडक किंवा चिकट झालेले असते. आधी जाणत्या कारागिराकडून तपासणी, हेडांची अल्कोहोलने सफाई आणि त्यांच्यातील साठलेले चुंबकत्व घालवणे आवश्यक आहे. नाहीतर आवाजातील तार स्वरांची धार कायमची बोथट होते. रीळ उजेडासमोर कडेने धरून पाहावे. आरपार उजेड झिरपत असेल तर ती ॲसिटेटची फीत. तिला व्हिनेगरचा वास येऊ लागला असेल तर नक्कल करण्याचे काम लांबणीवर टाकू नये. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांतील काही फितींचा चिकट थर दमट हवेने लिबलिबीत होतो, हेडांवर तपकिरी राळ साचते आणि फीत किंचाळते. तेव्हा यंत्र तत्काळ थांबवावे. तिच्यावर मंद उष्णतेचा उपचार असतो, पण तो तज्ज्ञाचा. ॲसिटेटच्या फितीला तो मुळीच देऊ नये.

वाजवताना दोन चमत्कार घडू शकतात. बोलण्याच्या मागे कोणी उलटे बोलत आहे असे वाटले तर भिण्याचे कारण नाही. चार पट्ट्यांत मुद्रित झालेली फीत दोन पट्ट्यांच्या यंत्रावर लावली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि गायकाने षड्ज लावण्याच्या क्षणभर आधी त्याचाच पुसट षड्ज ऐकू आला, तर फितीच्या एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटले आहे असे समजावे. फीत वाजवून झाल्यावर उलटी न गुंडाळता शेवट बाहेर ठेवूनच पेटीत घातली तर हा प्रतिध्वनी मूळ स्वराच्या नंतर येतो आणि कानाला खुपत नाही.

नक्कल करून घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा असंकुचित स्वरूपात एकदाच, खरखर न गाळता करून घ्यावी. गाळणी नंतर केव्हाही लावता येते. मूळ रीळ नक्कल झाल्यावरही टाकू नये. पेट्या अनेक असतील आणि पैसा मोजका असेल, तर मोठ्या गवयाचे नाव लिहिलेली पेटी सहसा आधी उचलली जाते. तिची दुसरी प्रत कोणाकडे तरी असण्याचा संभव असतो. जिच्यावर नुसते 'घरचे' असे लिहिले आहे, ती पेटी आधी पाठवावी.