मापक खोटा नव्हता



घरात कोणी आजारी पडले की सलाईनची बाटली आपण पाहतोच. तीत पुष्कळदा डेक्स्ट्रोज असते, म्हणजे साखरच. पण आपल्या उसाची नव्हे, बहुधा मक्याच्या स्टार्चपासून केलेली. हे पाणी थेट रक्तात जाते, म्हणून त्यात एकही जंतू चालत नाही.

इंग्लंडात एप्रिल १९७१ मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या बंद टाकीत, तापवायला ठेवल्या. कुकरवर शिटी ठेवण्याआधी घरातल्या बायका वाफेची धार येऊ देतात, ती आतली हवा निघून जावी म्हणून. इथे हवा तळाशी अडकली. वरच्या बाटल्या तापल्या, खालच्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमान नोंदणारा एक मापक तसे दाखवीतही होता. पण तोच बिघडला असेल असे धरून माणसे इतर मापकांवर विसंबली. पुढे नमुन्याच्या बाटल्या तपासल्या, त्या चांगल्या निघाल्या. माल बाहेर पडला. मार्च १९७२ मध्ये प्लिमथ शहरातील डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात त्यातल्या बाटल्या लावलेले ५ रुग्ण दगावले.

नमुना चांगला निघाला तो कसा? साधा हिशेब करा. शंभरात १ बाटली दूषित असेल आणि २० तपासल्या, तर दूषित बाटली हाती न लागण्याचा संभव शंभरात सुमारे ८२ आहे! शिवाय जंतू वाढतात का हे पाहायला १४ दिवस थांबावे लागते.

म्हणून आता मालाची परीक्षा तो तयार होत असतानाच घेतात. टाकीत १२१ अंश उष्णता निदान १५ मिनिटे टिकली का, याची नोंद क्षणाक्षणाला होते. पाण्याची शुद्धता वाहत्या नळातच मोजली जाते. बाटल्या भरण्याच्या खोलीतील हवेचे सूक्ष्म कण यंत्र सतत मोजते, आणि मर्यादा ओलांडली की इशारा वाजतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली अशा चालू तपासणीला उत्तेजन देणारी मार्गदर्शिका काढली. चांगुलपणा शेवटी तपासून मालात घालता येत नाही, तो करतानाच यावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व.

आता आपल्या फडाकडे या. ब्रिक्स पाहायला आमचा माणूस आला की काही सभासद बुडख्याचाच रस पुढे करतात. तो गोड असणारच! शेंड्याचा आकडा कमी आला की म्हणतात, "साहेब, तुमचा मीटर खोटा आहे."

असेलही. मग मीटर स्वच्छ पुसा, शुद्ध पाण्यावर शून्य जुळवा आणि पुन्हा वाचा. तरीही आकडा तोच आला तर ऊस अजून पक्व नाही, तोडीची घाई करू नका. आपल्याकडे चुकले तर उताऱ्यावर भागते. तिथे माणसे गेली. नको असलेला आकडा दिसला म्हणून मापकाला खोटे ठरवू नये, एवढेच सांगणे.

— ऊस विकास अधिकारी