सोलरची वीज कमी, पण केव्हा?

घरावर सोलर बसवलं आणि बिल अपेक्षेइतकं उतरलं नाही, की पहिला संशय पॅनेलवर येतो आणि कोणीतरी पाण्याचा पाइप घेऊन गच्चीवर चढतं. इथेच क्रम चुकतो. बिलावरून पॅनेलची तब्येत कळत नाही. दुपारी तयार झालेली वीज घरातल्या फ्रिजने, पंख्यांनी तिथल्या तिथे वापरली तर ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही; तो मीटर फक्त बाहेर गेलेले आणि बाहेरून आलेले युनिट मोजतो. नवा एसी लागला की एक्स्पोर्ट घटतो, पॅनेल मात्र पूर्वीइतकंच काम करत असतात. तेव्हा पाहायचा तो इन्व्हर्टरवरचा किंवा सोलर जनरेशन मीटरवरचा आकडा. त्यातही दिवसभराचे युनिट किती घटले यापेक्षा ते कोणत्या वेळी घटले, हे पाहिलं तर दोष लवकर सापडतो.

त्याआधी दोष नसलेली घट बाजूला काढावी लागते. पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश. मे महिन्यात अकोला-नागपूरच्या गच्चीवर सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतात, आणि वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं. म्हणजे बिघाड काहीच नसताना 12 ते 16 टक्के गेले. म्हणून रणरणत्या मे महिन्यात वीज सर्वांत जास्त मिळेल ही समजूत फसवी आहे. महाराष्ट्रात एका किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास धरावी (विकताना पाच सांगितलेले असतात, ते सोडून द्या), आणि भर पावसाळ्यात ती निम्म्यावर आली तरी घाबरू नये.

आता इन्व्हर्टरच्या ॲपमधला एखाद्या निरभ्र दिवसाचा ग्राफ उघडा. तो टेकडीसारखा सकाळी चढत, दुपारी माथा गाठत, संध्याकाळी उतरत जायला हवा. माथा थोडा सपाट असेल तर पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा जास्त आहे इतकंच. तो दोष नव्हे. सगळी टेकडीच सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुजी झाली असेल तर धूळ, किंवा पॅनेलच्या दोन साखळ्यांपैकी एक बंद. घट नेमकी निम्मी असेल तर बंद साखळीची शक्यता आधी तपासावी. रोज ठरावीक वेळी खाच पडत असेल तर ती सावली. आणि सावली फार कमी लेखली जाते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे झाकलेला एक सेल आपल्या साऱ्या रांगेचा प्रवाह अडवतो. बायपास डायोड त्या रांगेला वळसा घालून बाकीच्यांना वाचवतात, पण अनेक पॅनेलमध्ये त्यासाठी जवळजवळ तृतीयांश भाग सोडून द्यावा लागतो. पक्ष्याची वाळलेली विष्ठा हेच करते, म्हणून पातळ सारख्या धुळीपेक्षा ती जास्त त्रासदायक. शिवाय सावली ऋतूबरोबर सरकते. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच असतो. दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला सव्वा मीटरहून लांब जाते, सकाळी तर कितीतरी अधिक. एप्रिलमध्ये जागा पाहून गेलेल्या माणसाला ही सावली दिसलेलीच नसते.

लख्ख ऊन असताना ग्राफ एकदम शून्यावर येतो आणि काही मिनिटांनी पुन्हा उभा राहतो, तेव्हा पॅनेल बहुधा निर्दोष असतात. वीज गेली की इन्व्हर्टर बंद होणं हा सुरक्षेचा नियमच आहे. पण वीज असूनही असं होत असेल तर लाइनचा व्होल्टेज पाहावा. आसपासची बरीच घरं एकाच वेळी वीज बाहेर ढकलू लागली की 230 चा व्होल्टेज 250 च्या पुढे जातो आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर त्यात आणखी भर पडते. इथे पॅनेल कितीही पुसा, एक युनिट वाढणार नाही.

ढग रोज वेगळे, मग एका ग्राफवरून काय ठरवणार, असं कोणी म्हणेल. खरं आहे, म्हणून निरभ्र दिवसच निवडायचे, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या तशा दिवसाशी किंवा शेजारच्या गच्चीवरच्या दर किलोवॅट उत्पादनाशी ताडून पाहायचं. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: पंतप्रधान सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते, मग ही उठाठेव ग्राहकाने का करावी? दुरुस्ती त्याने करूच नये. उन्हात असलेल्या साखळीत शेकडो व्होल्टचा डीसी असतो, चालू जोड उपसला तर ठिणगीची आग होते. धुवायचंच तर पहाटे, गार काचेवर. बोअरचं क्षारयुक्त पाणी मात्र वाळून पांढरे डाग ठेवतं. निदानाची गोष्ट वेगळी. तंत्रज्ञ सकाळी दहाला अर्ध्या तासासाठी येतो, बिघाड दुपारी एकला होतो. ‘सोलर नीट चालत नाही’ या तक्रारीवर तो पॅनेल पुसून जाईल. ‘रोज साडेबारा ते अडीच इन्व्हर्टर बंद पडतो, स्क्रीनवर 256 व्होल्ट दिसतात’ असं लिहून सोबत चार दिवसांचे ग्राफ जोडले, तर बसवणाऱ्याला केबल तपासावी लागेल, आणि केबल ठीक निघाली तर तोच कागद महावितरणच्या शाखा कार्यालयात ट्रान्सफॉर्मरच्या तक्रारीसाठी देता येईल.