सत्तावीस वर्षांनंतरची मैफल

६ मे २००५. शुक्रवारची संध्याकाळ. आदल्याच दिवशी इंग्लंडात सार्वत्रिक निवडणूक झाली होती आणि टोनी ब्लेअर तिसऱ्यांदा निवडून आले होते. लंडनमधली सगळी वर्तमानपत्रं त्याच बातम्यांनी भरलेली. त्या संध्याकाळी थेम्स नदीच्या काठावरच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पंचावन्न ते साठच्या दरम्यानची चार माणसं मंचावर आली. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या नावाने त्यांनी जाहीर कार्यक्रम केला नव्हता त्याला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण २००७ साली 'रिअल टाइम' या नावाने दोन सीडींच्या संचात निघालं. माझ्या कपाटातल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटींशेजारी हा संच ठेवलेला असतो, आणि घरी येणारा प्रत्येक जण तो उचलून विचारतो, "हे काय हो?"

हे काय, ते सांगायचं तर नावापासूनच सुरुवात करावी लागेल.

आमच्यासारखे जे फिजिक्स घेऊन कॉलेजात गेले त्यांना व्हॅन डी ग्राफचं यंत्र आठवत असेल. वर धातूचा मोठा पोकळ गोळा, आत फिरणारा पट्टा. पट्टा फिरेल तसा गोळ्यावर विद्युतभार साठत जातो, आणि त्या गोळ्याला हात लावून उभं राहिलं की डोक्यावरचे केस ताठ होतात. १९६७ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या पीटर हॅमिल आणि ख्रिस जज स्मिथ या विद्यार्थ्यांनी आपल्या बँडला या यंत्राचं नाव दिलं. स्पेलिंग चुकलं, ते कोणी दुरुस्त केलं नाही आणि तेच कायम झालं. ज्यांनी हे संगीत ऐकलंय त्यांना नाव योग्य वाटतं. केस खरोखरच उभे राहतात. कधी आनंदाने, कधी नुसत्याच धक्क्याने.

प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार आपल्याकडे फारसा पोचला नाही. रॉक म्हटलं की तीन-चार मिनिटांचं गाणं, धृपद, अंतरा, गिटार आणि ढोल एवढंच डोळ्यांपुढे येतं. १९७०च्या सुमारास इंग्लंडातल्या काही तरुणांनी हे मोडायचं ठरवलं. गाणं दहा मिनिटं, वीस मिनिटं चाललं तरी चालेल. मध्येच लय बदलेल, ताल साताचा होईल, चर्चमधल्या ऑर्गनसारखा स्वर येईल, मग सगळं विस्कटेल आणि पुन्हा जुळेल. या बँडची 'लाइटहाऊस'च्या रखवालदाराची एक रचना तेवीस मिनिटांची आहे. ती ज्या तबकडीत आहे ती 'पॉन हार्ट्स' १९७१ची. स्वतःच्या देशात तिला फारसं कोणी विचारलं नाही, आणि इटलीत मात्र ती विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. का, ते इटालियन मंडळींनाच ठाऊक. मला वाटतं, ज्या देशात ऑपेराचा नायक मरता मरता दहा मिनिटं गातो त्या देशाला हॅमिलचा टाहो परका वाटला नसावा.

ही तबकडी मी धारवाडच्या हॉस्टेलात ऐकली. माझा खोलीतला सोबती मडगावचा. त्याचा मामा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. तो बंदराबंदरातून रेकॉर्ड्स आणायचा आणि भाच्याला द्यायचा. खोलीत मी हार्मोनियमवर 'नाथ हा माझा' बसवायचा प्रयत्न करत असे, आणि हा पठ्ठ्या रेकॉर्ड लावून डोळे मिटून बसे. आमची भांडणं व्हायची. पण मला त्या गोंगाटाकडे ओढलं ते ऑर्गनने.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या संगीत नाटकांत ऑर्गन होता. वाजवणारा दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवतो आणि पाय खाली भाता हलवत राहतात. पायांचं काम हवा भरण्याचं, सूर हातांचे. या बँडच्या ह्यू बँटनचं तसं नाही. त्याच्या पायाखालीही पट्ट्या आहेत आणि त्यांतून खर्जाचे सूर निघतात. १९७० साली 'एच टु ही' ही तबकडी बनत असताना बँडचा बास गिटारवाला निक पॉटर सोडून गेला. दुसरा शोधण्याऐवजी बँटनने बासची जबाबदारी बरीचशी आपल्या पायांवर घेतली. म्हणजे एकच माणूस दोन हातांनी दोन स्वरपंक्ती वाजवतोय आणि पाय तिसरी सांभाळतायत. हार्मोनियमला हात लावलेल्या कोणीही हे डोळ्यांपुढे आणून पाहावं. पुढे हा गृहस्थ ऑर्गन बांधण्याच्याच धंद्यात पडला, आणि बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं ध्वनिमुद्रणही त्याने केलं.

बाकीचे तिघेही कमी नाहीत. डेव्हिड जॅक्सन सॅक्सोफोन वाजवतो, आणि पुष्कळदा दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून. या बँडमध्ये गिटारचा तोरा जवळजवळ नाहीच; ती जागा जॅक्सनच्या सॅक्सोफोनची आणि बासरीची. ड्रमवर गाय इव्हान्स. आणि पीटर हॅमिल गातो, पियानो वाजवतो, कधी गिटार घेतो, गीतं लिहितो. त्याच्या गाण्याविषयी आमच्या घरातलं मत सांगतो. आमची ही एकदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "हा माणूस गातोय की कोणाशी भांडतोय?" मी म्हटलं, दोन्ही. कुजबुजीतून सुरुवात करून तो किंचाळीपर्यंत जातो, आणि तिथून एकदम लहान मुलासारख्या कोवळ्या आवाजात उतरतो. हे सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही.

१९७२ साली अखंड दौरे आणि पैशांची चणचण यांनी थकून बँड फुटला. १९७५मध्ये पुन्हा जमला आणि दीड-दोन वर्षांत तीन तबकड्या दिल्या. 'गॉडब्लफ', 'स्टिल लाइफ', 'वर्ल्ड रेकॉर्ड'. मग बँटन गेला, जॅक्सन गेला. उरलेल्यांनी व्हायोलिन आणि चेलोवाले घेऊन, नावातला 'जनरेटर' काढून टाकून काम चालवलं. १९७८च्या जानेवारीत लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. जॅक्सन त्यात पाहुणा म्हणून आला, ऑर्गन मात्र नव्हता. 'व्हायटल' नावाने ते बाजारात आलं तोवर बँड संपलेला होता. लांबलचक गाण्यांची चेष्टा करणाऱ्या पंक रॉकचे ते दिवस. गंमत म्हणजे त्या पंकांचा म्होरक्या जॉन लायडन याने १९७७ साली रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली, तेव्हा त्यांत हॅमिलचीही गाणी होती.

मग प्रत्येकाचा संसार वेगळा. हॅमिल जवळजवळ दरवर्षी स्वतःची एक तबकडी काढत राहिला. जॅक्सन अपंग मुलांना 'साउंडबीम' या यंत्रावर संगीत करायला शिकवू लागला. त्यात हात-पाय हलवला की सूर उमटतो, वाद्य धरावं लागत नाही. इव्हान्स 'एको सिटी' या गटात गेला, जो मुलांसाठी वाद्यांची मैदानं उभारतो. अधूनमधून एखाद्या गाण्यापुरते चौघे एका मंचावर येत. १९९६ साली लंडनच्या युनियन चॅपेलमध्ये तसे आले होते.

डिसेंबर २००३मध्ये हॅमिलला हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. त्यातून उठल्यावर, फेब्रुवारी २००४मध्ये, चौघांनी डेव्हन परगण्यातल्या एका जुन्या पाद्र्याच्या घरात काही दिवस एकत्र मुक्काम केला आणि कोणाला फार न सांगता वाजवून पाहिलं. त्यातून 'प्रेझेंट' हा दोन सीडींचा नवा संच २००५च्या वसंतात आला आणि लगोलग फेस्टिव्हल हॉलचा कार्यक्रम झाला. आमचा मडगावचा मित्र २००४ सालीच गेला, तोही हृदयविकारानेच. त्याला हे काहीच कळलं नाही. तीन वर्षांनी इंग्लंडातल्या माझ्या भाच्याने 'रिअल टाइम' पाठवली, तेव्हा ती मी ज्याला दाखवायला हवी होती तो माणूस नव्हता, म्हणून बरेच दिवस ती उघडलीच नाही.

उघडली तेव्हा पहिलं गाणं होतं 'द अंडरकव्हर मॅन'. ते अगदी हळू सुरू होतं. सत्तावीस वर्षं थांबलेल्या श्रोत्यांपुढे कोणीही आधी दणका देईल. यांनी कुजबुजीने सुरुवात केली. पुढे 'स्कॉर्च्ड अर्थ' येतं तेव्हा कुठे चौघांचं वजन एकदम अंगावर येतं.

एकंदर गाणी चौदा. त्यांतली नव्या संचातली फक्त दोन. त्या दोहोंपैकी 'एव्हरी ब्लडी एम्परर', म्हणजे आपल्या भाषेत 'प्रत्येक मेला सम्राट', हे गाणं सत्तेवर बसणारे लोकांच्या नावाने काय काय करतात त्याविषयी आहे. निवडणुकीचा निकाल ऐकून आलेल्या सभागृहापुढे, दुसऱ्याच दिवशी! कार्यक्रमाची तारीख ठरवताना कोणी निवडणुकीचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण योग असा जुळला.

जुन्या गाण्यांत 'लेमिंग्ज' आहे. लेमिंग म्हणजे उत्तर ध्रुवाकडचे उंदरासारखे प्राणी. ते झुंडीने कड्यावरून उड्या घेतात अशी दंतकथा आहे, ती खरी नाही. गाण्यात ती माणसांच्या झुंडीला लावली आहे. 'द स्लीपवॉकर्स'मध्ये ऐन गंभीर प्रसंगात अचानक चा-चा-चा नाचाची चाल येते, जणू लग्नाच्या हॉलमधला बँड चुकून आत शिरलाय, आणि जशी आली तशी निघूनही जाते. 'मॅन-एर्ग'मध्ये एका माणसाच्या आत खुनीही राहतो आणि देवदूतही. सुरुवातीला पियानोवर भजनासारखी संथ चाल, आणि मध्ये असा काही कल्लोळ की शेजारी दार वाजवतात. आमच्या टिळकवाडीत खरंच वाजवलं होतं.

चौघांचीही साठी जवळ आली होती हे या ध्वनिमुद्रणात लपत नाही. हॅमिलचा आवाज विशीतल्यासारखा चढत नाही. काही ठिकाणी तो खरखरतो, काही ठिकाणी सुराला खालून पकडतो. स्टुडिओतल्या तबकड्यांची सफाई इथे नाही. मला तीच गोष्ट आवडते. वयस्क गवयाच्या मैफलीला आपण तानेची सफाई मोजायला जात नाही. कुठली जागा तो अजून सोडत नाही, ते ऐकायला जातो. 'चाइल्डलाइक फेथ' या बारा मिनिटांच्या आसपासच्या गाण्यात हॅमिल शेवटी आवाज पणाला लावतो. हृदयविकाराला दीड वर्षही झालं नव्हतं. ऐकताना माझाच हात छातीकडे जातो.

आणि आता जी गोष्ट मला या संचात सर्वांत जास्त लागते ती. २००५च्या त्या वर्षात चौघांनी युरोपात आणखी कार्यक्रम केले. पण २००७मध्ये ही सीडी दुकानात आली तेव्हा डेव्हिड जॅक्सन बँडमध्ये राहिला नव्हता. सत्तावीस वर्षांनी जुळलेली चौकडी दोन वर्षंही टिकली नाही. नाव ठेवलं 'रिअल टाइम', आणि श्रोत्याच्या हातात आली तोवर ती वेळ निघून गेलेली! उरलेल्या तिघांनी सॅक्सोफोनशिवायच पुढे जायचं ठरवलं आणि ते गेलेही. 'ट्रायसेक्टर' (२००८), 'अ ग्राउंडिंग इन नंबर्स' (२०११), 'डू नॉट डिस्टर्ब' (२०१६) या त्यांच्या तबकड्या. ती तेवीस मिनिटांची लाइटहाऊसची रचनाही त्यांनी तिघांनीच २०१३मध्ये मंचावर वाजवून दाखवली, आणि २०१५च्या 'मर्लिन ॲटमॉस' या संचात ती ऐकायला मिळते. तिघांचं काम उत्तम आहे, पण जिथे जॅक्सन असायचा तिथे माझा कान अजून थांबतो.

फेस्टिव्हल हॉलचंही तसंच झालं. १९५१ साली उघडलेलं ते सभागृह या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत डागडुजीसाठी बंद झालं आणि दोन वर्षांनी उघडलं. ध्वनी सुधारण्यासाठी आतून बरंच काही बदललं. म्हणजे हा चौघांचा आवाज ज्या भिंतींवर आपटून परत आला तो सभागृहाचा जुना नादही या दोन सीडींत राहिला आहे.

कोणाला ऐकून पाहायचं असेल तर एक सल्ला. पहिल्या गाण्यापासून ओळीने ऐकू नका, नाहीतर अर्ध्या तासात मला शिव्या द्याल. 'रेफ्युजीज'पासून सुरुवात करा. १९७०चं गाणं, विषय घर सोडून पांगलेल्या सोबत्यांचा, चाल प्रार्थनेसारखी. मूळ तबकडीत त्याला चेलोची साथ आहे. इथे ते चौघांनीच पेललंय. ते आवडलं तर 'मॅन-एर्ग'. मग एक दिवस मध्ये जाऊ द्यावा, आणि दार-खिडक्या लावून 'किलर', समुद्राच्या तळाशी एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांना मारणाऱ्या आणि सोबतीसाठी झुरणाऱ्या एका जलचराचं गाणं. त्यात सॅक्सोफोन आणि ऑर्गन एकच ओळ मिळून वाजवतात. आमची ही अजूनही हॅमिलला भांडखोर म्हणते, पण 'रेफ्युजीज' लागलं की मिक्सर बंद करते.