वाघाचा ठसा : साक्ष आणि गणना

ओल्या मातीत उमटलेला वाघाच्या पंजाचा ठसा हा १९६६ नंतरची सुमारे चार दशके भारतीय वनखात्यासाठी केवळ वावराची खूण नव्हता, तर वाघांची सारी मोजदाद त्यावरच उभी होती. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत वनरक्षक ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवून घेत किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढीत, आणि ठशावरून प्रत्येक वाघ स्वतंत्रपणे ओळखता येतो असे गृहीत धरून बेरीज केली जाई. १९७२ च्या देशव्यापी गणनेत निघालेला १,८२७ हा आकडा याच मार्गाने आला आणि पुढील वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

ठसा पुष्कळ काही सांगतो, हे खरेच आहे. चालताना मार्जारकुलातील प्राणी नख्या आत ओढून घेत असल्यामुळे वाघाच्या ठशात चार बोटे आणि मागील कडेला तीन उंचवटे असलेली तळव्याची गादी एवढेच दिसते, तर कुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशात बहुधा नख्यांच्या खुणाही उमटतात. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. मागच्या पंजाचा ठसा साधारण चौकोनी असेल तर नर आणि लांबट असेल तर मादी, असा जाणत्यांचा आडाखा आहे. मात्र तोच पंजा चिखलात पसरतो, कडक जमिनीवर आक्रसतो आणि धाव घेताना आणखी निराळा उमटतो, शिवाय वयात न आलेल्या वाघाचा आणि थोराड बिबट्याचा ठसा आकाराने जवळपास सारखा भरू शकतो. शास्त्रज्ञ के. उल्हास कारंत यांनी बंदिस्त ४ वाघांचे ठसे अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी सांगितलेली वाघांची संख्या प्रत्यक्षाहून अधिक निघाली. एवढा इशारा मिळूनही पद्धत बदलली नाही, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक बाब होय. कारण राजस्थानातील सरिस्का येथे २००४ च्या गणनेत १६ ते १८ वाघ दाखवले गेले आणि २००५ च्या आरंभी तेथे शिकाऱ्यांनी एकही वाघ शिल्लक ठेवला नसल्याचे उघड झाले.

त्यानंतर गणनेचा आधार पट्ट्यांकडे वळला. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून वाघ एकेक करून ओळखता येतात; २०२२ च्या गणनेत असे ३,०८० वाघ ओळखले गेले आणि त्यावरून देशातील सरासरी संख्या ३,६८२, तर महाराष्ट्रातील ४४४ ठरली. तरीही या गणनेची पहिली पायरी पायीच चढावी लागते, कारण वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात ठसे, विष्ठा आणि झाडांवरील ओरखडे नोंदवतात.

वाघाच्या हिताच्या दृष्टीने ठशाचे खरे मोल याच नोंदीत आहे. एक पाय अर्धवट टेकल्याची खूण तारेच्या फासात जायबंदी झालेल्या जनावराची वर्दी देऊ शकते, आणि मादीच्या ठशांलगत बछड्यांची पावले दिसली की मोहफुले वेचायला पहाटे रानात शिरणाऱ्या चंद्रपूरकडील गावकऱ्यांना त्या वाटेपासून वेळीच दूर ठेवता येते. हे वाचन कॅमेरा करू शकत नाही. म्हणून वनरक्षकांच्या रिक्त जागा भरणे आणि जुन्या वनमजुरांची ही विद्या नव्या भरतीच्या प्रशिक्षणात आणणे, ही मागणी शासनाकडे आग्रहाने केली पाहिजे.