टेस्ट राइडमध्ये ब्रेक कसा पारखाल?

मोटरसायकल घेण्याआधी शोरूमला फोन करून टेस्ट राइडची वेळ ठरवा. परवाना आणि स्वतःचं हेल्मेट सोबत न्या. आधी गाडी उभी असतानाच बसून पाय जमिनीवर नीट टेकतात का, ते पाहा. मग मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात ब्रेक तपासा.

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. हलकं झालेलं मागचं चाक मात्र लवकर घसरतं. हे घसरणं टाळण्यासाठी एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला कमी-जास्त करतं. भारतात २०१९मध्ये १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं.

शेवटी मागे कुणाला तरी बसवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी माराच. सस्पेन्शनची खरी कसोटी तिथेच लागते.