यंत्राकडे करावयाचा अर्ज
मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार या गावाजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याच्या अकराच दिवस आधी, ३० नोव्हेंबरला, अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी हे संभाषणयंत्र सर्वसामान्यांच्या हाती दिले. महामार्गावरील टोलनाके आता लोकांच्या अंगवळणी पडले आहेत. यंत्राला प्रश्न कसा घालावा, हे मात्र अद्याप पडावयाचे आहे.

समजा, ऑगस्टातील झड उघडल्यावर येथील एखाद्या शेतकऱ्याने मोबाईलवर लिहिले, ‘सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, काय फवारू?’ यंत्र नम्रपणे आठदहा कारणांची जंत्री पुढे ठेवील, तितकेच उपाय सुचवील, आणि वाचणारा ‘हे काही कामाचं नाही’ म्हणून मोबाईल खिशात घालील. येथे यंत्राची कड घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्याची कार्यपद्धती ध्यानात घेतली, तर असे मोघम उत्तर अपरिहार्य का होते, हे उमगते. प्रचंड लिखित सामग्रीवर पोसलेले हे यंत्र, पुढ्यात आलेल्या मजकुरानंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, याचे गणित मांडते आणि एकेक खंड जोडीत उत्तर रचते. त्या सामग्रीत इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्याने, जमीन, प्रदेश आणि हंगाम यांचा पत्ताच न दिलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर आयोवातील शेताला जितके लागू तितकेच वऱ्हाडातील शेताला लागू असावे, यात नवल नाही. मजकुरात घातलेला प्रत्येक नेमका तपशील संभाव्य उत्तरांचे क्षेत्र आकुंचित करीत जातो. प्रश्नलेखनाच्या कलेचे सारे शास्त्रीय रहस्य मुख्यतः एवढेच.

आता तो तपशील कोणता, हे पिकापाशी वाकून पाहिल्यावाचून कळत नाही. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर संशय लोहाच्या कमतरतेकडे जातो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पाणी साचले, की मातीत लोह विपुल असूनही मुळांना ते घेता येत नाही. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले असतील, तर पांढऱ्या माशीने पसरविलेला पिवळा मोझॅक हा विषाणुरोग असावा, आणि मग रोगट झाडे उपटणे व माशीचा बंदोबस्त करणे हा मार्ग. खालची जुनी पानेच आधी पिवळी पडली, तर नत्राचा विचार करावा. तिन्ही ठिकाणी ‘पिवळे’ हा शब्द एकच. उपचार मात्र परस्परांहून सर्वस्वी भिन्न.

तहसील कचेरीबाहेर बसणारा जुना अर्जनवीस या शास्त्रात मुरलेला असे. पक्षकार तावातावाने आपली कैफियत सांगू लागला, की तो त्याला मध्येच थांबवून मौजे, गट क्रमांक, तारीख, कब्जा कोणाचा, मागणी नेमकी काय, हे खोदून खोदून विचारी आणि मगच लेखणी उचली. कारण आत बसलेल्या अंमलदाराला पक्षकाराच्या मनातले दिसत नाही, कागदावरचे तेवढे दिसते. आपल्या शेतकऱ्याचा अर्ज त्या रीतीने लिहिला, तर तो काहीसा असा होईल: ‘मी वाशीम जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. जमीन भारी, काळी, चुनखडीची. वाण जेएस ३३५, पेरणीला चाळीस दिवस झाले. आठवडाभर पाणी साचले होते. फक्त शेंड्याची पाने पिवळी आहेत, शिरा हिरव्या आहेत. पांढरी माशी दिसत नाही. संभाव्य कारणे दोनच सांगा, त्यांतील फरक शेतात कसा ओळखावा ते सांगा, आणि जेथे खात्री नसेल तेथे तसे लिहा.’ शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे, कारण हे यंत्र अज्ञानातही मोठ्या आत्मविश्वासाने बोलते.

या कलेला काही मंत्रही चिकटले आहेत. अपेक्षित उत्तराचे दोनचार नमुने प्रश्नातच दिले, तर यंत्र तो घाट उचलते, हे जीपीटी-३ या आधीच्या यंत्राविषयीच्या २०२० मधील शोधनिबंधाने दाखविले. २०२२ मध्ये ताकेशी कोजिमा व त्यांच्या सहकारी संशोधकांनी ‘पायरीपायरीने विचार करू’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य प्रश्नापाठी जोडले, तेव्हा अंकगणिताच्या एका प्रश्नसंचावर बरोबर उत्तरांचे प्रमाण १७.७ वरून ७८.७ टक्क्यांवर गेले. आकडा थक्क करणारा खरा. पण नवी यंत्रे असा टप्प्याटप्प्याचा विचार पुष्कळदा आपण होऊनच करतात, त्यामुळे ‘शंभर जादुई प्रश्न’ विकणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मंत्र जुने होतात. शिरा हिरव्या आहेत की नाहीत, ही माहिती मात्र कितीही प्रगत यंत्राला शेताच्या धन्याकडूनच मिळावयाची.

काय सांगावे हेच उमगत नसेल, तर अर्जनविसाचे काम यंत्रावरच सोपवावे: ‘उत्तर देण्यापूर्वी तुम्हाला जी माहिती हवी असेल, ती मला एकेक करून विचारा,’ एवढे लिहिले, की ते उलटतपासणी सुरू करते, आणि पाचसहा प्रश्नांत अर्ज आपोआप पुरा होतो. मराठीत लिहिले तरी चालते. आधार क्रमांक, बँकेचे खाते असल्या गोष्टी त्या मजकुरात घालण्याचे मात्र काही एक कारण नाही. आणि फवारणीच्या मात्रेचा जो आकडा यंत्र देईल, तो औषधाच्या वेष्टनावरील सूचनांशी आणि वाशीम जिल्ह्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून ताडून घेतल्याशिवाय पंपात पाणी भरू नये.