वाटी किती ग्रॅमची, हे वाटीलाच विचारा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग मायक्रॉनपर्यंत मोजले जातात. आसपासच्या स्वयंपाकघरांत मात्र ‘एक वाटी’ चालते, आणि त्यात काही गैर नाही. वाटी हे आकारमान, ग्रॅम हे वजन. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम बसतं, साखर साधारण २००, मैदा जेमतेम १२० ते १२५. म्हणून ‘एक कप म्हणजे इतके ग्रॅम’ असा सरसकट आकडा कुणी पाठवला, तर खुशाल सोडून द्या. तोच मैदा चाळून अलगद भरला तर हलका, दाबून भरला तर बराच जड.

‘आमच्या आज्या कुठे काटा घेऊन बसायच्या?’ खरंय. पण त्यांची धान्याची मापंही आकारमानाचीच: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. सगळं एकाच मापाने घेतलं की प्रमाण बिघडत नाही. रवा-साखर एकाच वाटीने मोजा, शिरा जमतोच. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, दुकानात किलो आला, ओट्यावर वाटी राहिली. घोळ होतो तो ग्रॅममधली केकची कृती वाटीने करताना. घरचीच वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. मग ती कोरडी करून मैदा, रवा, बेसन सपाट भरून तोला आणि आकडे डब्यांवर चिकटवा. बारीक मिठाचा आकडा मात्र खडेमिठाला लावू नका. खड्यांमध्ये पोकळी राहते, चमचा भरलेला दिसला तरी वजनाला कमीच.